अज्ञात वाहन

‘अज्ञात वाहनाने धडक दिली’ हे चार शब्द आपल्या पोलीस ठाण्यांच्या दफ्तरांत इतक्या वेळा लिहिले गेले आहेत की लिहिणाऱ्या अंमलदाराच्या हातवळणातच ते बसून गेले असतील. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष त्या वाहनाखाली सापडला, त्या घराला ते शब्द आयुष्यात एकदाच ऐकावे लागतात आणि मग जन्मभर पुरतात. तीन वर्षांपूर्वी, कापसाचा पहिला वेचा नुकताच आटोपला असताना, यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीकडच्या माझ्या एका स्नेह्याचा सालदार मालकाची मोटारसायकल घेऊन सायंकाळी आपल्या गावी निघाला, आणि घर अवघे दोन कोस राहिले असताना एका वळणावर मागून आलेल्या कोणत्या तरी वाहनाने त्याला उडवले. पंचनामा झाला. आडवी पडलेली गाडी, काचेचे तुकडे, रस्त्याच्या कडेला पऱ्हाटीत जाऊन पडलेली पिशवी, एवढ्या वस्तूंची नोंद झाली, पंचांच्या सह्या झाल्या, आणि साक्षीदाराच्या रकान्यात लिहावे असे एकही नाव मिळाले नाही. त्या वेळी रस्त्यावर कोणी नव्हतेच असे मी म्हणणार नाही. असले तरी ते थांबले नाहीत, आणि थांबले असतील तर बोलले नाहीत.

या न बोलण्याचा दोष केवळ माणसांच्या कठोरपणावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. अपघाताची साक्ष द्यावयाची म्हणजे जबानी आली, तारखा आल्या, मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी घातलेल्या खेपा आल्या, आणि कधीकधी ज्याच्या विरुद्ध साक्ष द्यावयाची त्याचा रोषही आला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून त्यांना कायद्याचे बळ दिले, तरी पिढ्यान्‌पिढ्या मनात मुरलेले कोर्टकचेरीचे भय एका कलमाने निघून जात नाही. परिणाम असा की ज्याने माणूस मारला तो पसार होतो, आणि मेलेल्याच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभे राहण्यासाठी जे पहिले साधन लागते, म्हणजे वाहनाचा क्रमांक, तेच त्यांच्या हाती नसते. क्रमांक मिळाला तर विमा कंपनीला प्रतिवादी करता येते, मृताचे वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा हिशेब होऊन भरपाई ठरते. क्रमांक नसेल तर पळून गेलेल्या वाहनांसाठी सरकारने ठरवलेली ठोक रक्कम तेवढी उरते. ती १ एप्रिल २०२२ पूर्वी मृत्यूला २५ हजार रुपये होती आणि आता २ लाख आहे. २०२२ या एका वर्षात देशात अशा पळून गेलेल्या वाहनांनी ३०,४८६ माणसांचे प्राण घेतल्याची नोंद केंद्र सरकारच्या अहवालात आहे; त्याच वर्षी रस्त्यांवर मेलेल्या १,६८,४९१ माणसांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती.

आता याच मुलखातील दुसरी गोष्ट पाहावी. घाटंजी आणि पांढरकवडा यांच्या दरम्यान सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे जे टिपेश्वर अभयारण्य आहे, तेथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बांधण्यात आली. तो वाघ जूनमध्ये टिपेश्वर सोडून निघाला, महाराष्ट्र आणि तेलंगणातील कित्येक जिल्ह्यांची शेते, नाले, रस्ते ओलांडत वर्षअखेर बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, आणि नऊ महिन्यांत तो ३,००० किलोमीटर चालला हे शास्त्रज्ञांनी त्याच्या पावलापावलाच्या नोंदींवरून सांगितले. त्या चालण्यामुळेच ‘वॉकर’ हे त्याचे नाव पडले. टिपेश्वरच्या जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे आहेत. पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो, त्याच्या आईची, भावंडांची नोंद ठेवली जाते. ही सारी व्यवस्था योग्यच आहे आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु ज्या जिल्ह्यात रात्री रस्ता ओलांडून गेलेला वाघ कोणता हे सकाळपर्यंत सांगता येते, त्याच जिल्ह्यात त्याच रस्त्यावर माणूस चिरडून गेलेले वाहन कोणते हे तीन वर्षांनीही सांगता येऊ नये, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही; आणि म्हणूनच मोटारसायकलस्वाराने अंगावर वागवावयाच्या त्या लहानशा कॅमेऱ्याविषयी, ज्याला मी स्वतः कित्येक दिवस पोरांचे खेळणे समजत होतो, आज गंभीरपणे लिहावेसे वाटते.

या यंत्राचा जन्म खेळातच झाला हे खरे आहे. अमेरिकेत १९८७ च्या सुमारास मार्क शुल्झ नावाच्या गृहस्थाने डोंगरातल्या सायकलस्वारीचे चित्रण करण्यासाठी शिरस्त्राणावर कॅमेरा बसवला, तेव्हा चित्र उमटवणारे अवजड यंत्र पाठीवरच्या पिशवीत वागवावे लागत असे. आज काडेपेटीहून थोड्या मोठ्या डबीत भिंग, बॅटरी आणि तासन्‌तासांचे चित्रण साठवणारे मेमरी कार्ड अशी तिन्ही सामावतात. गोप्रो या कंपनीच्या नावावरून आपल्याकडची मुले अशा कोणत्याही डबीला गोप्रोच म्हणतात. पण मुंबई-पुण्याकडील हौशी स्वार लडाखच्या वाटेवर जे चित्रण करतात, त्याचा आणि यवतमाळचा संबंध थोडा. आपल्याकडे मोटारसायकल ही हौस नव्हे. कापसाच्या आणि सोयाबीनच्या या मुलखात ती शिक्षकाला शाळेपर्यंत, परिचारिकेला उपकेंद्रापर्यंत, शेतकऱ्याला बाजार समितीपर्यंत आणि आजाऱ्याला दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यापर्यंत नेणारे वाहन आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून तर या भागातील गरिबाच्या प्रवासाचा उरलासुरला आधारही गेला. ज्याला रोज पोटासाठी शंभर किलोमीटर गाडी हाकावी लागते त्याने बरोबर साक्षीदार बाळगावा, हा विचार मला हौसेचा वाटत नाही.

माझा भाचा बियाण्यांच्या एका कंपनीचा प्रतिनिधी म्हणून दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी असे तालुके फिरतो. सालदाराच्या त्या प्रकारानंतर त्याने हेल्मेटला हनुवटीपाशी कॅमेरा बसवून घेतला. गेल्या कार्तिकातील एका संध्याकाळी तो घरी आला तो रागाने लाल झालेला. कापसाने लादलेल्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, जिला मागे दिवा नव्हता, रेडियमची पट्टी नव्हती, खूण म्हणून काहीही नव्हते, तो आदळता आदळता वाचला होता, आणि सकाळी उठून फिर्याद द्यायची, पुरावा आपल्याजवळ आहे, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही दोघे ओसरीवर बसून ते चित्रण पाहू लागलो. अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन आणि त्याच्या कडेने मांडलेले धोंडे दिसले. एक बंडी मागे पडली. उन्हाची तिरीप थेट भिंगावर येत होती. मग चित्र एकाएकी डावीकडे वळले. धुऱ्यापलीकडच्या तुरीत रोह्यांचा एक कळप उभा होता, आणि तो कळप पडद्यावर चांगला तीन सेकंद होता. चित्र पुन्हा समोर आले तेव्हा ट्रॉली पुढे येऊन ठाकली होती. भाच्याने चित्रण थांबवले, मागे नेले, पुन्हा लावले, आणि चित्र डावीकडे वळण्याच्या क्षणावर अडवून धरले. ट्रॉलीच्या मागच्या फळीला वीतभर लाल फडके बांधलेले होते. ते वाऱ्यावर हलत होते.

‘‘मामाजी, फडकं तर होतं,’’ तो म्हणाला, ‘‘मीच रोह्यांइकडे पाहत होतो. चूक माहीच आहे.’’

ताशी ६० किलोमीटरांच्या वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर अंतर तोडते, हा हिशेब त्याने मग स्वतःच केला. दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यावर आणणे हा ट्रॅक्टरवाल्याचा अपराध होताच, आणि फडक्याने तो धुऊन निघत नाही. परंतु ‘खूण म्हणून काहीही नव्हते’ असे जर माझ्या भाच्याने सकाळी जबानीत शपथेवर सांगितले असते, तर तो खोटे बोलत नसतानाही त्याची साक्ष खोटी ठरली असती. माणसाची स्मृती स्वतःच्या बाजूने वळण घेते, आणि प्रामाणिक माणसाचीही घेते. हेल्मेटवरचा कॅमेरा डोक्याबरोबर वळत असल्यामुळे रस्त्याबरोबरच स्वाराची नजरही टिपतो. समोर काय होते एवढेच नव्हे, तर हा कोठे पाहत होता हेही सांगतो. त्याचा खरा अधिकार मला येथे दिसला. मालकाने पदरचे पैसे खर्चून विकत घेतलेला हा साक्षीदार मालकाच्या विरुद्धही साक्ष देतो, आणि ज्याला ती ऐकण्याची तयारी नसेल त्याने तो विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या चुकीचे चित्रण पुसून टाकावयाचे आणि दुसऱ्याच्या चुकीचे तेवढे ठाण्यात न्यावयाचे, हा न्यायाचा नव्हे तर कज्ज्याचा मार्ग झाला.

साक्षीदार खरा असला तरी तो न्यायालयात रुजू कसा व्हावा याचे नियम आहेत, आणि त्यांची माहिती स्वारांना असणे अगत्याचे आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे यांत्रिक नोंदीची नकल पुरावा म्हणून दाखल करताना तिच्याबरोबर विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, आणि त्यात हॅश मूल्य म्हणून ओळखली जाणारी त्या फाइलची अंकांतली खूणही नमूद करावी लागते. प्रमाणपत्राची अट नवी नाही, आणि तिच्यावर शिक्कामोर्तब झाले ते आपल्याच राज्यातील एका खटल्यात. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की काय, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील कॅमेऱ्यांच्या चित्रणावर येऊन ठेपला होता. कैलास गोरंट्याल विरुद्धच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला की नकल दाखल करावयाची तर प्रमाणपत्र हवेच, मात्र मूळ यंत्र त्याच्या मालकाने स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले तर त्याची गरज नाही. म्हणून अपघात घडल्यावर पहिले काम हे की कॅमेरा बंद करून मूळ कार्ड काढून ठेवावे, कारण पुष्कळ कॅमेरे जागा संपली की जुन्या चित्रणावर नवे उमटवीत जातात, आणि दोन दिवस गाडी तशीच फिरवली तर जे जपावयाचे तेच पुसले जाते. दुसरे असे की कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर लावलेले असावे. बॅटरी पूर्ण उतरल्यावर कित्येक यंत्रांची तारीख भलत्याच सालावर जाऊन बसते, आणि प्रतिपक्षाच्या वकिलाला तेवढे पुरते. तिसरे, वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला की ही यंत्रे तापून आपोआप बंद पडतात. त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये.

कॅमेरा कोठे बसवावा हा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. हेल्मेटचे कवच बाहेरून गुळगुळीत ठेवलेले असते ते दिखाव्यासाठी नव्हे. डोके रस्त्यावर आपटले की त्याने अडखळू नये, घसरत जावे, आणि आघाताचा जोर आतल्या फेसाच्या अस्तराने चेपून जाऊन शोषून घ्यावा, अशी ती रचना आहे. त्या कवचावर कठीण वस्तू चिकटवली तर ती नेमक्या त्या क्षणी अडकू शकते, मान पिळवटू शकते, आणि एका बिंदूवर जोर एकवटू शकते. केरळच्या मोटार वाहन विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरे लावण्यास मनाई केली ती याच भीतीने. मोटारशर्यतींचा जगज्जेता मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे बर्फावर घसरत असताना खडकावर आपटला, तेव्हा त्याच्या शिरस्त्राणावरही कॅमेरा होता. अपघात कसा घडला हे शोधताना तपास अधिकाऱ्यांना त्या चित्रणाचा उपयोग झाला, आणि त्याच कॅमेऱ्यामुळे शिरस्त्राण दुबळे झाले असावे काय ही शंकाही तेव्हाच उपस्थित झाली. साक्षीदार जगावा आणि माणूस जाऊ नये, असा मार्ग शोधणे प्राप्त आहे. माझ्या आग्रहावरून भाच्याने आता कॅमेरा छातीवरच्या पट्ट्यात घेतला आहे. तेथून नजर टिपली जात नाही आणि पुढच्या गाडीचा क्रमांक पूर्वीइतका स्वच्छ येत नाही, हे नुकसान आहे आणि ते मी मान्य करतो. तरीही २०२२ मध्ये ५०,०२९ माणसे हेल्मेट नसल्यामुळे दगावल्याची नोंद ज्या देशात झाली, तेथे असलेल्या हेल्मेटच्या बळात तसूभरही उणीव येऊ देण्यास माझे मन धजत नाही.

आणि या यंत्राचा दुसरा, घातक उपयोगही डोळ्यांआड करता येत नाही. साक्षीसाठी घेतलेला कॅमेरा थोड्याच दिवसांत प्रेक्षकांसाठी होतो; प्रेक्षक आले की वेग येतो. मे २०२३ मध्ये यमुना द्रुतगती महामार्गावर एक तरुण स्वार, ज्याची चित्रणे लाखो मुले पाहत असत, ताशी ३०० किलोमीटरांचा वेग गाठण्याच्या प्रयत्नात प्राणास मुकला. आपल्याकडे नागपूर-तुळजापूर महामार्ग आणि पांढरकवड्यावरून जाणारा हैदराबादचा महामार्ग रुंद झाल्यापासून रविवारच्या सकाळी मिसरूडही न फुटलेली मुले पेट्रोलच्या टाकीवर पोट टेकून गाड्या पळवताना मी पाहतो, त्यांच्या हेल्मेटवर कॅमेरा असतो आणि हनुवटीचा पट्टा सुटलेला असतो. त्यांच्या आईबापांनी ते चित्रण एकदा तरी बसून पाहावे. त्याचप्रमाणे रस्त्याच्या कडेला कापूस वेचणाऱ्या बाया, हापशावर पाणी भरणाऱ्या मुली, यांचे चेहरे त्यांना न विचारता जगभर पसरवण्याचा अधिकार कोणत्याही स्वाराला नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले तेव्हा तो हक्क वावरात राबणाऱ्या बाईलाही मिळालाच. आणि अपघातात पडलेल्या माणसाचे चित्रण तर पोलिसांना, न्यायालयाला आणि त्याच्या घरच्यांना सोडून इतर कोणालाही दाखवू नये. त्या सालदाराचे छायाचित्र त्याच्या बायकोच्या हाती बातमीपूर्वी पोहोचले होते. कोणी थांबले नव्हते म्हणावे, तर छायाचित्र काढण्यापुरते कोणी तरी थांबले होते.

जिल्ह्याच्या पोलीस दलाकडे आणि परिवहन कार्यालयाकडे माझे मागणे फार मोठे नाही. नागरिक स्वतःहून चित्रण घेऊन आला तर प्रत्येक ठाण्यात ते रीतसर पावती देऊन स्वीकारले जावे, नकल आणि प्रमाणपत्र करण्याचे ज्ञान असलेला एक तरी अंमलदार तेथे असावा, आणि देणाऱ्याला त्याचे यंत्र महिनोन्‌महिने मुद्देमाल म्हणून अडकवून न ठेवता लवकर परत मिळावे. असे झाले नाही तर माणसाने जे केले तेच कॅमेराही करील. पाहील आणि गप्प राहील. हेच चित्रण रस्त्यांच्या दुरवस्थेचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. पण अपघातानंतर पंचनाम्याआधीच खड्ड्यात मुरूम पडला तर तो खड्डा तेथे होता हे सांगणार कोण? आदल्या आठवड्यात त्याच रस्त्याने गेलेल्या एखाद्या शिक्षकाच्या किंवा बियाणेवाल्याच्या छातीवरचा कॅमेरा ते तारखेनिशी सांगू शकेल.

भाचा अजूनही आठवड्यातून दोनदा त्या वळणावरून येतो. परवा मी त्याच्याजवळून तेवढाच भाग मागून घेतला आणि पाहिला. दिवेलागणीची वेळ होती. समोरून एक ट्रक येतो, त्याच्या झोताने पडदा पांढराफटक होतो, ट्रकचा क्रमांक त्या पांढऱ्यात नाहीसा होतो, आणि तो निघून गेल्यावर जवळजवळ सहा सेकंद काहीच दिसत नाही. रस्त्याची कडही नाही, कडुलिंबाच्या बुंध्यावरचा चुन्याचा पट्टाही नाही. त्या वळणावर तीन वर्षांपूर्वी दिवा नव्हता, आजही नाही.